चांदोरकरांची नवी नळी

ऑफिस सुटलं की अभय चांदोरकर सिंगापूरच्या रॅफल्स प्लेसला एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, चढायचे, दाराजवळचा कोपरा धरायचे आणि फोन काढून नळ्या बघत राहायचे. डब्यातली बाकीची माणसं कोरियन मालिका बघत, रंगीत फळं फोडण्याचे खेळ खेळत, उभ्या उभ्या पेंगत. चांदोरकर पिस्तुलाच्या नळ्या बघत. शेजारच्यानं चुकून डोकावलं तर त्याला पाइपाचा एक चकचकीत तुकडा दिसे, आणि या गृहस्थानं घरी बाथरूमचं काम काढलंय असं समजून तो पुन्हा आपल्या मालिकेत शिरे. बँकेच्या हिशेब खात्यातला, पन्नाशी ओलांडलेला, मीटिंगमध्ये विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा माणूस. त्याच्या डोक्यात असलं काही चाललं असेल हे त्याच्या साहेबालाही खरं वाटलं नसतं.

उपवर मुलाच्या आईनं स्थळं बघावीत तसं त्यांचं चाललं होतं. ही दिसायला छान, पण फार नाजूक. ही घराण्यानं चांगली, पण आपल्या गोळ्यांशी हिचं जमेल का? एक स्टेनलेस स्टीलची, एक काळी. एकीच्या आतला पीळ, म्हणजे गोळीला गरगर फिरवत बाहेर काढणाऱ्या त्या खाचा, चांगल्या धारदार कडांचा. दुसरीचा पीळ गुळगुळीत, साफ करायला सोपा, पण साध्या शिशाच्या गोळ्यांना न मानवणारा. एक पाकिटातून काढायची आणि थेट बसवायची. दुसरी कारखान्यातून मुद्दाम थोडी जाड पाठवतात. कारागिरानं कानस मारत मारत ती एकाच पिस्तुलात चपखल बसवायची, आणि एकदा बसली की ती दुसऱ्या कुठल्याही पिस्तुलाची होत नाही. ही शेवटची गोष्ट चांदोरकरांना फार आवडली होती. ती वाचली की ते फोन छातीशी धरून काही वेळ नुसते काचेतल्या अंधाराकडे बघत राहत.

असं बघता बघता त्यांचं तोआ पायोह स्टेशन मागे पडे. आठवड्यातून एकदा तरी हे व्हायचंच. गाडी बोगद्यातून बाहेर येऊन संध्याकाळचं पिवळं ऊन डब्यात भरलं, की चांदोरकर दचकत. मग आता उशीर झालाच आहे तर होऊ दे, असं म्हणत आंग मो किओपर्यंत जात. तिथल्या एका कंपनीत त्यांची मुलगी इरा कामाला होती. ती स्टेशनात यायची तेव्हा बाबा फलाटावर हसत उभे असायचे.

"अगेन?" इरा म्हणायची.

"तुला घ्यायला आलो," चांदोरकर म्हणायचे.

"हो लाह, शुअर," असं म्हणून ती त्यांच्या हातातली डब्याची पिशवी घ्यायची, आणि दोघं उलट्या दिशेची गाडी पकडून घरी यायचे.

आता ज्या पिस्तुलासाठी एवढं वधूसंशोधन चाललं होतं, ते पिस्तूल चांदोरकरांच्या घरी कधी आलंच नव्हतं. सिंगापुरात नेमबाजी करणाऱ्याचं पिस्तूल क्लबाच्या कोठारात कुलपात असतं. आपण जायचं, सही करायची, ते हातात घ्यायचं, गोळ्या झाडायच्या, पुसून परत द्यायचं. आपलं असूनही आपल्याला शनिवारपुरतंच मिळायचं. बँकेतल्या दिलीप सबनिसांनी त्यांना पहिल्यांदा क्लबात नेलं तेव्हा ते नुसते सोबत म्हणून गेले होते. पण कागदाच्या टार्गेटात पडलेलं आपलं पहिलं भोक बघून त्यांना जे काही वाटलं, ते त्यांनी घरी येऊन साधनाला, म्हणजे बायकोला, इतक्या वेळा सांगितलं की तिनं शेवटी कपाळावर हात मारून परवानगी दिली.

पिस्तूल घेतलं आणि ते घरी आणायचं नाही हे कळलं, तेव्हा साधना पोट धरून हसली. "म्हणजे लग्न झालं आणि नवरी माहेरीच," ती म्हणाली. "एकदा तरी आण रे घरी. ओवाळते आणि पाठवून देते परत."

पण कायद्यापुढे ओवाळणीचं काही चालत नाही. म्हणून मग तीच क्लबात जायला लागली. पुण्याच्या तिच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची. हत्यारं म्हणजे काय, तर विळी, अडकित्ता आणि वडिलांचा स्क्रू ड्रायव्हर. इथे तर खरंखुरं पिस्तूल होतं. ते बिनपूजेचं राहणं तिला मानवणं शक्यच नव्हतं. खंडेनवमी कुठल्याही वारी येवो, साधनाबाई त्या आठवड्याच्या शनिवारी पर्समध्ये हळदीकुंकवाची स्टीलची डबी घालून, शाळकरी इराचा हात धरून क्लबात हजर. कोठार सांभाळणारे मिस्टर लिम पहिल्या वर्षी जरा घाबरले. मग म्हणाले, "ऑन्टी, कॅन. बट नॉट ऑन द हँडल, ओके? एव्हरीबडी हँड रेड."

मुठीवर नको, तर कुठे? साधनानं सगळं पिस्तूल उघडायला लावलं आणि स्वतःच जागा शोधली. नळीची मागची बाजू जिथे वरच्या सरकत्या भागाच्या, म्हणजे स्लाइडच्या, खाचेत जाऊन बसते, तिथे एक कोपरा होता. करंगळीचं टोक जाईल एवढाच. तेलात कालवलेलं कुंकू तिनं तिथे टेकवलं, हात जोडले आणि म्हणाली, "आता हिला कोणाची दृष्ट लागायची नाही."

पुढे ही दरवर्षीची पद्धत झाली. आणि तिचा एक नियम होता. आधी सगळं घासून पुसून लख्ख करून आणायचं, मागच्या वर्षीच्या कुंकवाचा कणसुद्धा राहता कामा नये. मगच ती नवं बोट टेकवणार. चांदोरकर कंटाळा करायला लागले की ती त्यांना ब्रश देऊन परत पाठवायची, आणि लिमसाहेब एका बाजूला उभे राहून खुदूखुदू हसायचे.

दोन वर्षांपूर्वी साधना गेली. दुखणं लहानसं होतं, निदान सुरुवातीला तसं वाटलं होतं. ती गेली त्याच्या आदल्या खंडेनवमीला तिनं टेकवलेलं कुंकू नळीच्या कोपऱ्यात तसंच होतं.

चांदोरकर पिस्तूल साफ करत नव्हते असं मुळीच नाही. दर शनिवारी ते खोलून बसत. आतून ब्रश फिरवत, चिंध्या ओढत, स्प्रिंग पुसत, थेंब थेंब तेल सोडत. फक्त ब्रश त्या कोपऱ्यापाशी आला की थांबायचा आणि वळसा घालून पुढे जायचा. हे त्यांनी कधी ठरवलं नव्हतं, आणि यावर त्यांनी कधी विचारही केला नव्हता. दर शनिवारचा धूर त्या तेलकट कुंकवावर बसत गेला. लाल होतं ते तपकिरी झालं, मग काळं, आणि शेवटी कोपऱ्यात दगडासारखी खपली धरली. चांदोरकरांना मात्र ते अजून लालच दिसत होतं.

आणि मग गोळ्या भरकटायला लागल्या. आधी एखादी, मग दोनतीन. पूर्वी टार्गेटच्या मध्यावर पाचही भोकं एकमेकांना चिकटून पडायची. आता ती कागदभर पांगायला लागली. चांदोरकर आतून हादरले. साधनाच्या पाठीमागे हा एक शनिवार त्यांना घराबाहेर काढत होता. कान झाकून, श्वास धरून, पुढच्या एका ठिपक्याकडे बघत उभं राहिलं की तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही शिरत नसे. तेही हातचं गेलं, तर पुढच्या शनिवारांचं करायचं काय? वय झालं, हात कापतो, डोळा अधू झाला, असं कोणी म्हणण्याआधीच त्यांनी जाहीर करून टाकलं की बॅरल, म्हणजे नळी, झिजली. नवी बसवून बघू. तिनंही जमलं नाही, तर पिस्तूल विकून मोकळं होऊ.

"साफबिफ करतोस ना नीट?" दिलीपनं विचारलं. तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये दोघं कॉफी पीत बसले होते.

"पुण्याच्या माणसाला विचारतोस हे?" चांदोरकर खरोखरच दुखावले.

दिलीपला तेवढं पुरलं. त्याचं पिस्तूलही त्याच जातीचं होतं आणि दुसऱ्याच्या खरेदीत त्याला स्वतःच्या खरेदीपेक्षा जास्त रस असायचा. ही घे, ती नको. लांब नळी घेतलीस तर पुढचं वजन वाढेल, मनगट दुखेल. गोळीचं घर फार आवळ असलं की क्लबातल्या गोळ्या अडकतात. असं तो तासभर बोलला. चांदोरकर मान डोलावत होते, पण त्यांचं ठरलं होतं. तीच, कानस मारून बसवायची. एकाच पिस्तुलाची होऊन राहणारी.

"आणि जुनीचं माहितीये ना?" उठता उठता दिलीप म्हणाला. "आपल्या क्लबचा नियम. नवी बसवली की जुनी लिमच्या हातात द्यायची. तो आपल्यासमोर करवतीनं कापतो. एका पिस्तुलाला दोन बॅरल ठेवू देत नाहीत ते."

चांदोरकरांनी कप खाली ठेवला. हे त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. पण आतापर्यंत ते दुसऱ्यांच्या नळ्यांबद्दल होतं.  दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी नवी नळी मागवली, कारण न मागवावी तर शनिवार जात होते.

परवानग्यांना वेळ लागायचा तेवढा लागला. दरम्यान एका रविवारी दुपारी, वरण-भात जेवून सोफ्यावर कलंडले असताना, चांदोरकरांना साधना दिसली. ती टेक्का मार्केटमध्ये भाजीच्या गाळ्यासमोर उभी होती, आणि टोपल्यांत वांग्यांच्या जागी नळ्या रचलेल्या होत्या. वरच्या पत्र्यातून उजेडाचे लांब लांब पट्टे खाली आले होते आणि सगळं मार्केट पाण्याखाली असावं तसं शांत होतं. साधना एकेक नळी उचलायची, डोळ्याला लावून उजेडाकडे धरायची आणि परत ठेवायची. ही कोवळी नाही. हिच्यात बिया फार. हिचा देठ सुकलाय. भाजीवाला अजिबात चिडत नव्हता. चांदोरकर मागे पिशवी धरून उभे होते आणि त्यांना फार फार बरं वाटत होतं. हे असंच चालत राहावं, तिनं काहीच पसंत करू नये, असं त्यांना वाटत होतं. शेवटी तिनं मागे वळून हात पुढे केला. "आपली आणलीयेस ना? दाखव." चांदोरकरांनी पिशवीत हात घातला, आणि तिला काय दाखवायचं या विचारानं त्यांना इतकी लाज वाटली की ते जागे झाले. खिडकीबाहेर समोरच्या ब्लॉकच्या बांबूंवर कपडे वाळत होते. इरा शेजारी लॅपटॉप घेऊन बसली होती.

"आई आली होती," ते म्हणाले.

इरानं लॅपटॉप मिटला. "काय म्हणाली?"

"भाजी घेत होती," चांदोरकर म्हणाले. पुढचं त्यांना सांगवेना.

नवी नळी आली ती नेमकी नवरात्रात. "मी पण येते शनिवारी," इरा म्हणाली. आई गेल्यापासून तिनं क्लबात पाऊल टाकलं नव्हतं. चांदोरकरांनी कारण विचारलं नाही.

क्लबाच्या मागच्या खोलीत साफसफाईचं लांब टेबल होतं. भिंतीपलीकडून गोळ्यांचे आवाज उशीतून आल्यासारखे येत होते. टेबलाच्या एका टोकाला तेलकट कागदात नवी नळी निजली होती, दुसऱ्या टोकाला लिमसाहेबांनी लोखंडी करवत आणून ठेवली होती. दिलीप नव्या नळीवरून परत परत बोट फिरवत होता. चांदोरकरांनी पिस्तूल उघडलं, जुनी नळी बाहेर काढली आणि हातात धरून बसले. बसले ते बसलेच. लिमसाहेब सभ्य माणूस. ते करवतीकडे न बघता छताकडे बघत उभे राहिले.

इरा जवळ सरकली. "बाबा, हे कोपऱ्यात काय आहे? सो डर्टी."

"आईनं लावलेलं आहे," चांदोरकर म्हणाले.  "शेवटचं."

इरानं नळी हातात घेतली, खिडकीपाशी नेली, नीट बघितली. मग ती म्हणाली, "बट आई नेव्हर लेट यू लाह, बाबा. मी इथंच बसायचे. आधी घासून आण, मग लावते, असं म्हणायची ना ती? एकदा तुला तीन वेळा परत पाठवलं होतं. मिस्टर लिम लाफ अंटिल क्राय."

 चांदोरकर लेकीकडे बघत राहिले. साधनाचे सगळे सण, सगळी व्रतं त्यांनी मनोभावे आठवून ठेवली होती, आणि तिचा हा एकच साधा नियम त्यांच्या डोक्यातून पार पुसला गेला होता. तिचं कुंकू जपायचं म्हणून त्यांनी दोन वर्षं तिचाच शब्द मोडला होता. तिनं पाहिलं असतं तर काय म्हणाली असती, हे त्यांना इतकं स्पष्ट ऐकू आलं की त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हात पुढे केला.

"ब्रश दे," ते म्हणाले.

खपली सहजासहजी निघाली नाही. आधी मळ विरघळवणाऱ्या औषधात भिजवावी लागली. मग पितळी ब्रश, मग लाकडाची काडी, मग परत ब्रश. काळे काळे कपचे टेबलावर पडत होते. दिलीप पुढे वाकून बघत होता.  सगळ्यात शेवटी चांदोरकरांनी एक स्वच्छ पांढरी चिंधी बोटाला गुंडाळली आणि कोपऱ्यात फिरवली. चिंधी बाहेर आली तेव्हा काळ्या डागाच्या मधोमध एक लालसर रेघ होती. अगदी अंधूक, पण लाल. ती त्यांनी बराच वेळ बघितली आणि घडी करून बाजूला ठेवली.

नळी परत स्लाइडमध्ये सरकवली तेव्हा ती त्या खाचेत अशी बसली, की तिथे आता पोस्टाचं तिकीटही शिरलं नसतं. इतके महिने ती केसभर वर राहत होती आणि दर गोळीला वेगळीकडे कलत होती. चांदोरकरांनी कान झाकले, रेषेवर जाऊन उभे राहिले. पाच गोळ्या. टार्गेट जवळ आलं तेव्हा चार भोकं एकमेकांना चिकटून होती आणि एक जरा दूर, उजवीकडे खाली.

"ती एक कसली?" दिलीपनं विचारलं.

"ती माझी," चांदोरकर म्हणाले. "वयाची. तिला नळी काय करणार?"

ते इतक्या सहज म्हणाले, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मग त्यांनी लिमसाहेबांना करवत परत आत नेऊन ठेवायला सांगितलं. नव्या नळीचं काय, हा प्रश्न कोणी विचारायच्या आत दिलीपनं ती कागदासकट जवळ ओढली होती. त्याची स्वतःची बॅरल, तो म्हणाला, तशीही झिजलेलीच होती.

इरानं पर्समधून स्टीलची डबी काढली. चांदोरकरांनी ती ओळखली. लेक कशाला आली होती ते त्यांना आता कळलं; जुनी नळी कापायच्या आधी तिला एकदा कुंकू लावायचं होतं, एवढंच तिच्या मनात होतं. तिनं पिस्तूल परत उघडून पुसायला लावलं, कुंकवात कालवायला तेलाचा थेंब मागून घेतला, करंगळी बुडवली आणि त्या लख्ख कोपऱ्यात टेकवली. हात जोडताना ती जरा बावरली, कारण पुढे काय म्हणायचं ते तिला आठवेना. "ओके," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी परत घासायचं, हं."

निघताना लिमसाहेबांनी कचऱ्याचा डबा पुढे केला. चांदोरकरांनी बाकीच्या चिंध्या त्यात टाकल्या आणि घडी केलेली ती एक मुठीत धरून विचारलं, "ही घरी नेली तर चालेल?"

पिस्तुलाचा स्क्रूसुद्धा त्या दारातून बाहेर जात नसे. लिमसाहेबांनी चिंधी उलगडून बघितली, परत तशीच घडी केली. "क्लॉथ, कॅन," ते म्हणाले.

तोआ पायोहला उतरून दोघं घरी आली. लिफ्टमधून बाहेर येऊन इरानं कुलूप काढलं, चपला सरकवल्या. तेव्हा मागून चांदोरकर म्हणाले, "तुझी आई म्हणायची, एकदा घरी आण. ओवाळते म्हणायची."

इरानं वळून त्यांच्या मुठीकडे बघितलं. "मग थांब ना बाहेर," ती म्हणाली. "डोन्ट कम इन येट."

ती आत गेली. समोरच्या घरातून तळलेल्या लसणीचा वास येत होता, आणि खाली मैदानात मुलांचा चेंडू भिंतीवर आपटत होता. चांदोरकर लांब व्हरांड्यात, स्वतःच्याच दारासमोर, चिंधी दोन्ही हातांत धरून उभे राहिले. आत ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग दुसरा. निरांजन सापडलं होतं. इरा काडेपेटी शोधत होती.